गाडीचा रंग घरच्या घरी : धुणे, क्ले आणि पॉलिश

दोन-तीन वर्षे वापरलेली गडद रंगाची गाडी उतरत्या उन्हात उभी करावी आणि बॉनेटकडे तिरप्या नजरेने पाहावे. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघांचे कडे दिसते. वास्तविक हे चरे सगळ्या दिशांना पसरलेले असतात, पण प्रकाशाला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून ते गोलाकार भासतात. रस्त्यावरून उडालेल्या खड्यांनी ते पडत नाहीत. त्यांतले बहुतेक गाडी पुसताना पडलेले असतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे एका बादलीत आणि एका फडक्यात दहा-पंधरा गाड्या पुसल्या जातात आणि शेवटच्या गाडीपर्यंत बादलीतले पाणी चहाच्या रंगाचे झालेले असते. त्या पाण्यातली वाळू फडक्यात अडकते आणि फडके रंगावर फिरते. पुसणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण महिन्याच्या ठरलेल्या पैशांत प्रत्येक गाडीला नवे पाणी कोणी घेणार नाही. धूळ कोरडीच झटकणारे आपण स्वतः तरी काय वेगळे करतो?

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर अस्तराचे थर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. पॉलिश केल्याने चरा भरून येत नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो आणि म्हणून चरा नाहीसा होतो. गेलेला थर परत येत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्येही याच थरात असल्याने दर दिवाळीला हौसेने पॉलिश करणाऱ्याची गाडी काही वर्षांत छतावर आणि बॉनेटवर पांढुरकी पडू लागते. म्हणून खरी मेहनत धुण्यावर घ्यावी आणि पॉलिश दोन-तीन वर्षांतून एकदा, गरज असेल तरच करावे.

धुण्यासाठी सावली हवी. बॉनेटवर हाताची मागची बाजू ठेवावी. चटका बसत असेल तर थांबावे, कारण गरम पत्र्यावर शाम्पू आणि पाणी दोन्ही जागच्या जागी वाळून डाग पाडतात. दोन बादल्या, एक मग, मायक्रोफायबरचा हातमोजा, पाणी टिपण्यासाठी जाड टॉवेल आणि गाड्यांसाठी मिळणारा शाम्पू एवढे साहित्य पुरते. भांडी घासण्याचा साबण आणि कपड्यांची पावडर तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेली असल्याने रंगावरचा वॅक्सचा संरक्षक थरही ती काढून टाकतात.

आधी चाके धुवावीत आणि त्यांचे फडके कायमचे वेगळे ठेवावे, कारण ब्रेकची भुकटी लोखंडी आणि टोकदार असते. त्यानंतर संपूर्ण गाडीवर नुसते पाणी भरपूर ओतून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी; या टप्प्यावर हात लावण्याचा मोह आवरावा. मग एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसऱ्या बादलीत साधे पाणी घेऊन हातमोजा शाम्पूत बुडवावा, छतापासून सुरुवात करून एक भाग पुसावा आणि पुन्हा शाम्पूत घालण्यापूर्वी साध्या पाण्यात खळबळून घ्यावा. हात गोल गोल न फिरवता सरळ रेषेत न्यावा. दाराचा खालचा पट्टा आणि मागचा बंपर यांवर सर्वांत जास्त खर असते, म्हणून ते अगदी शेवटी घ्यावेत. धुऊन झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी हात घालून पाहावा. बोटांना लागणारी ती कचकच पूर्वी गाडीच्या रंगावर फिरत असे.

पुण्याच्या उपनगरांत आणि इतरही अनेक ठिकाणी गाडी धुवायला बोअरचे पाणी मिळते. त्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळल्यावर पांढरे गोल डाग होऊन उरतात, आणि ऊन लागत राहिले की ते क्लिअर कोटमध्ये खोल रुततात. अलीकडे पुष्कळ घरांत आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून त्याने गाडी धुतात. काटकसर म्हणून हे स्तुत्य आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, तेव्हा ते चाकांसाठी आणि पहिल्या धुण्यासाठी वापरावे, शेवटच्या खळबळण्यासाठी नाही. त्यासाठी एअर कंडिशनरच्या नळीतून ठिबकणारे पाणी साठवून फडक्यातून गाळून घ्यावे. हवेतल्या वाफेचे झालेले असल्याने ते जवळजवळ क्षारमुक्त असते. पाणीटंचाईच्या महिन्यांत, गाडी फार चिखललेली नसेल तर, न खळबळता पुसून घेण्याचा रिन्सलेस शाम्पू सोयीचा पडतो. बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात तो बादलीभर पाण्यात मिसळावा, सात-आठ स्वच्छ मायक्रोफायबर त्यात भिजवावेत, आणि प्रत्येक भागाला नवी घडी, चार भागांनंतर नवे फडके, असा क्रम ठेवावा.

पाणी टिपताना टॉवेल घासू नये. तो पत्र्यावर पसरावा, हलकेच थोपटावा आणि उचलावा.

धुऊनही न निघणाऱ्या गोष्टींचा समाचार प्रत्येकीच्या स्वभावाप्रमाणे घ्यावा लागतो. पक्ष्याची विष्ठा नखाने खरवडू नये; तिच्यावर ओले फडके दहा मिनिटे ठेवावे म्हणजे ती मऊ होऊन उचलून येते. ती आम्लधर्मी असते आणि तापलेल्या पत्र्यावर एका दुपारीत रंगाला खड्डा पाडते, त्यामुळे हे काम रविवारपर्यंत राखून ठेवण्यासारखे नाही. क्षारांच्या ताज्या डागांवर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन भिजवलेले फडके मिनिटभर ठेवावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. बांधकामाच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीवर सिमेंटचे शिंतोडे उडतात, त्यांनाही हाच उपाय लागू पडतो, फक्त भिजवणे अनेकदा करावे लागते. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर किंवा थोडे केरोसीन चालते, मात्र त्यानंतर ती जागा शाम्पूने धुवायला हवी. खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपणच दोन संकटे ओढवून घेतो. कुंकवाचा ओला टिळा पांढऱ्या बॉनेटवर दोन दिवस राहिला तर गुलाबी ठसा मागे ठेवतो, आणि झेंडूची माळ धुळीसकट वाऱ्यावर घासत राहून नंबरप्लेटच्या वर अर्धगोल चरे काढते. टिळा नंबरप्लेटवर किंवा काचेवर लावावा आणि माळ पूजेनंतर संध्याकाळी उतरवावी. श्रद्धेत काही उणे येत नाही.

आता क्ले, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलून घेणारी, मळता येणारी मऊ वडी. धुऊन कोरड्या केलेल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवावीत. उघड्या बोटांना जे गुळगुळीत वाटत होते तेच पिशवीतून रव्यासारखे खरखरीत लागते. ब्रेकमधून उडणारे आणि रेल्वेमार्गाजवळ गाडी उभी राहत असेल तर रुळांवरून येणारे लोखंडाचे सूक्ष्म कण रंगात रुतून गंजलेले असतात. पांढऱ्या गाडीवर त्यांचे नारिंगी ठिपके डोळ्यांनाही दिसतात. आधी आयर्न रिमूव्हर फवारावा. लोखंडाशी संयोग झाला की तो जांभळा होऊन ओघळू लागतो आणि त्याचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावे आणि द्रव वाळण्यापूर्वी धुऊन टाकावा.

उरलेले कण क्ले उचलतो. नवशिक्याने नेहमी सौम्य प्रकारचा क्ले घ्यावा. शंभर ग्रॅमच्या वडीचे चार तुकडे करावेत, एक तुकडा हातात मळून लहान पुरीएवढा चपटा करावा, आणि शाम्पूचे पातळ पाणी फवाऱ्याने रंगावर आणि क्लेवर मुबलक मारावे. मग दीड-दोन फुटांच्या चौकोनात, दोन बोटांच्या भाराने, क्ले सरळ रेषेत पुढे-मागे सरकवावा. सुरुवातीला कानाला बारीक खरखर ऐकू येते आणि बोटांना अडखळल्यासारखे वाटते. काही फेऱ्यांत आवाज विरतो आणि क्ले साबणाच्या वडीसारखा निसटू लागतो. त्या क्षणी थांबावे. क्ले उलटून पाहिला तर तांबूस-करडी खर चिकटलेली दिसते. ती आत घालून पुन्हा मळावे आणि स्वच्छ पृष्ठभाग वर आणावा. क्ले अडकू लागला तर जोर न लावता पाणी वाढवावे. जमिनीवर पडलेला तुकडा निमूटपणे टाकून द्यावा. पहिल्या खेपेला माझ्या हातून तो पडला, मी तो नळाखाली धुऊन पुढे वापरला आणि चालकाच्या दारावर दोन लांबलचक समांतर चरे काढले. चाळीस-पन्नास रुपयांचा तुकडा वाचवण्यासाठी पुढचा एक तास त्या दारावर गेला. क्ले वर्षातून एकदा, फार तर दोनदा करावा, आणि त्यानंतर रंगावर वॅक्सचे संरक्षण उरत नाही हे लक्षात घेऊन गाडी तशीच सोडू नये.

पॉलिश करण्याआधी गाडीची चौकशी करावी. नख आडवे फिरवल्यावर चऱ्यात अडकत असेल तर तो पॉलिशने जाणार नाही. तिथे टचअपचा रंग हाच मार्ग आहे. मॅट रंगाच्या गाडीवर पॉलिश आणि क्ले दोन्ही वर्ज्य आहेत. जुन्या पद्मिनी किंवा अम्बॅसडरसारख्या गाड्यांवर क्लिअर कोट नसलेला एकथरी रंग असू शकतो, आणि तिथे पॉलिशच्या फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो. तो पाहून घाबरू नये, पण हात फारच हलका ठेवावा. गॅरेजमध्ये ज्याला रबिंग मारणे म्हणतात ते रोटरी मशीन घरी आणू नये. ते एका जागी फिरत राहून रंग तापवते आणि कडेला क्षणभर जास्त टेकले तरी अस्तर उघडे पडते. घरच्या कामाला ड्युअल अॅक्शन मशीन बरे, कारण ते फिरता फिरता हेलकावतही असल्याने दाब वाढला की फिरणे थांबवते. मशीन नसेल तर फोमच्या पॅडने हाताने सौम्य पॉलिश करता येते. त्याने चकाकी येते, जाळे मात्र पुरते जात नाही.

काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबर आणि पत्र्याच्या धारदार कडा यांवर मास्किंग टेप लावावी. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि प्लॅस्टिकमध्ये शिरलेले पॉलिश वाळून पांढरे राहते. मग बॉनेटवर दीड फुटाचा एकच चौकोन निवडून सर्वांत सौम्य पॉलिश आणि सर्वांत मऊ पॅड यांनी चाचणी घ्यावी. पॅडच्या रंगावरून त्याची धार ठरवू नये, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. तेवढ्याने काम होत असेल तर अख्ख्या गाडीला तेच वापरावे. होत नसेल तरच एक पायरी कडक जावे. पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके घ्यावेत, मशीन बंद असतानाच ते चौकोनावर टेकवून पसरवावेत, सर्वांत कमी वेगावर पॉलिश सारखे करावे आणि मग वेग चार किंवा पाचवर नेऊन मशीन सेकंदाला इंचभर, इतक्या सावकाश सरकवावे. एकदा आडवे आणि एकदा उभे, अशा चार ते सहा फेऱ्या पुरतात. पॅड पत्र्याला सपाट टेकलेला राहावा आणि मशीन उचलण्यापूर्वी बंद करावे, नाहीतर पॉलिशचे तुषार शेजारच्या गाडीवरही जातात.

अवशेष मऊ मायक्रोफायबरने पुसून मोबाइलच्या टॉर्चने तपासावे. इथे एक फसगत होते : पॉलिशमधले तेल चऱ्यांत बसून ते तात्पुरते झाकते आणि गाडी आरशासारखी दिसते, मग दोन धुण्यांनंतर जाळे पुन्हा उगवते. म्हणून हे तेल काढण्यासाठी चाचणीचा चौकोन आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून त्याने पुसावा आणि मगच निकाल द्यावा. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडावा. एका माणसाला पूर्ण गाडीला दोन दिवस लागतात, तेव्हा एका शनिवारी बॉनेट आणि छत, पुढच्या शनिवारी बाजू, अशी वाटणी करण्यात कमीपणा नाही. शेवटचे बारीक चरे सोडून द्यायला शिकावे. ते दिसतात ते फक्त मालकाला.

उघड्या रंगावर त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच कृत्रिम संरक्षक थर, लावावे. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते आणि त्याची झळाळी उबदार असते, पण आपल्या उन्हात ते जेमतेम महिना-दोन महिने टिकते. सिंथेटिक सीलंट त्याहून बरेच जास्त टिकते. कोकणात आणि मुंबईत हे काम मेच्या अखेरीस, पावसाआधी उरकावे, म्हणजे चार महिने चिखल रंगाला घट्ट धरत नाही. थर दिसेल न दिसेल इतका पातळ असावा, कारण जाड थराने टिकाऊपणा वाढत नाही, पुसणे तेवढे अवघड होते. पाण्याचे थेंब मण्यांसारखे उभे राहणे थांबून पत्र्यावर पसरट होऊ लागले की पुन्हा थर द्यावा.

मायक्रोफायबर सुती कपड्यांपासून वेगळे, सौम्य द्रव साबणात धुवावेत आणि त्यांना फॅब्रिक कंडिशनर लावू नये, कारण त्याने धागे बुजून पाणी टिपणे थांबते. रस्त्याकडच्या बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळपर्यंत धुळीने भरतो. तो घरात, पंख्याखाली वाळवावा आणि झाकणाच्या डब्यात ठेवावा.