बेरोजगारी भत्त्याचं अपील: या चुका टाळा

कॅलिफोर्नियात ईडीडीनं, म्हणजे बेरोजगारी भत्ता देणाऱ्या राज्याच्या खात्यानं, भत्ता नाकारला की आपली माणसं आधी पत्रं गोळा करायला लागतात. सहकाऱ्याचं एक, शेजाऱ्यांचं एक, जमलं तर जुन्या मॅनेजरचं. बे एरियातल्या मराठी घरांना मी अपिलाच्या सुनावणीची तयारी करून देते. सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक हीच.

सुनावणीला न आलेल्या माणसाचं असं पत्र म्हणजे ऐकीव पुरावा. तो इथे न्यायाधीश दाखल करून घेतात. पण तो दिवाणी कोर्टात चालण्याजोगा नसेल, तर निव्वळ त्याच्यावर निष्कर्ष उभा राहत नाही; दुसऱ्या पुराव्याला टेकू म्हणूनच तो चालतो. शपथेवर बोलणाऱ्या माणसाला उलट प्रश्न विचारता येतात. पत्राला कोण काय विचारणार?

एका दुकानात काम करणाऱ्या ताईंना गिऱ्हाइकाशी उद्धट वागल्याचं सांगून काढलं होतं. मालकानं दोघांचे सही केलेले जबाब पाठवले आणि स्वतः सुनावणीला आला नाही. नोकरीवरून काढलं असेल तर गैरवर्तन सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असते, म्हणजे बाजू ताईंचीच भक्कम होती. पण त्यांचा सगळा भरवसा तीन पत्रांवर, आणि ती लिहिणारं कुणीही त्या दिवशी दुकानात नव्हतं. "काय घडलं?" असं न्यायाधीशांनी विचारलं, तर उत्तर "पत्रात आहे". दुसऱ्यांदा विचारलं, तेच उत्तर. माझ्या पोटात गोळा आला. तिसऱ्यांदा मात्र त्या बोलल्या: गिऱ्हाईक मुदत संपलेल्या कुपनावर सूट मागत होता, दोनदा नाही सांगितलं, मग आवाज चढला. पाच मिनिटं लागली असतील. निकाल त्यांच्या बाजूनं लागला तो त्या पाच मिनिटांवर. पत्रांचा त्यात उल्लेखही नव्हता.

म्हणून मी आता आदल्या दिवशी कागद बाजूला ठेवायला लावते आणि शेवटच्या दिवसाची हकिगत तीनदा तोंडी सांगायला लावते. पाठ करायची नाही. पाठ केलेली साक्ष पहिल्याच आडव्या प्रश्नाला कोसळते. तारीख आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. अंदाजानं ठोकून दिलेली तारीख हजेरीच्या नोंदीशी जुळली नाही, तर बाकीचं खरं बोलणंही संशयात जातं.

उलट चूकही होते. "उद्यापासून येऊ नका" असा मालकाचा मेसेज फोनमध्ये असतो आणि लोक तो नुसता तोंडी सांगतात. भक्कम पुरावा हाताशी असताना कमकुवत दिला, तर त्याच्याकडे अविश्वासानं पाहावं, असं इथला पुरावा कायदाच सांगतो. त्याच वेळी तयार झालेला कागद, म्हणजे मेसेज, हजेरी, वॉर्निंग लेटर, साक्षीला बळ देतो. मेसेजची अख्खी साखळी द्या, तारखांसकट. सोयीचा एकच तुकडा कापून देण्याचा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही.

अपिलाची मुदत निर्णय पोस्टात पडल्याच्या तारखेपासून 30 दिवस. अपील चालू असतानाही दर दोन आठवड्यांचं सर्टिफिकेशन, म्हणजे भत्त्यासाठी अजून पात्र असल्याचं निवेदन, भरत राहा. नवऱ्याला दुभाषा करू नका. दुभाषा मोफत मिळतो, आधी मागा.

आणि "आत्ता राहू दे, पुढच्या पायरीवर दाखवू" हे तर मनातूनच काढा. पहिल्या निकालावरचं अपील ऐकणारं वरचं मंडळ सहसा पहिल्या सुनावणीचं रेकॉर्डिंग आणि तिथले कागद यांवरच निर्णय देतं. साक्षीदार आणायचा असेल तर पहिल्याच तारखेला आणा, अर्ध्या दिवसाचा पगार बुडाला तरी.