पळताना तळपायाची कमान दुखतेय? मग या क्रमाने करून बघा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी मी जुलैत आठवड्यातून तीनदा यवतेश्वर घाट चढायला लागलो आणि तिसऱ्याच आठवड्यात डाव्या तळपायाची कमान अशी धरली, की सकाळी पलंगावरून उतरलं की भिंतीला हात लावत बाथरूमपर्यंत जायचो. पंधरा दिवस पूर्ण आराम केला, तेल चोळलं, बरं वाटलं म्हणून परत पळालो तर चौथ्या किलोमीटरला पुन्हा तेच. आरामाने दुखणं शांत होतं पण पाय मजबूत होत नाही, हे मला उशिरा कळलं, तुम्हाला लवकर कळावं म्हणून लिहितोय.

आधी बोटाने दाबून बघा नेमकं कुठे दुखतंय

टाचेच्या आतल्या कडेपासून कमानीत दुखत असेल, सकाळची पहिली पावलं सगळ्यात वाईट आणि थोडं चाललं की सैल होत असेल, तर बहुतेक वेळा तो प्लांटर फॅशिया असतो, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला जाड पट्टा. दुखणं आतल्या घोट्याच्या मागून खाली कमानीत येत असेल तर एका पायावर उभं राहून टाच उचलून बघा, उचलताच येत नसेल किंवा तिथेच कळ येत असेल तर कमान धरून ठेवणारा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, दुखावलेला असू शकतो, तो फिजिओ किंवा ऑर्थोपेडिक डॉक्टरला दाखवायचाच. आणि पावलाच्या वरच्या बाजूला, मध्यभागी, एकाच बिंदूवर दाबल्यावर दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल तर पळणं त्याच दिवशी बंद करा, ते हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने पडलेली बारीक चीर, असू शकतं आणि ते सुरुवातीला एक्सरेत पुष्कळदा दिसतही नाही, एमआरआय लागतो. सूज, मुंग्या, बधिरपणा असेल किंवा डायबेटिस असेल तरीही आधी डॉक्टर.

खाली जे सांगतोय ते पहिल्या प्रकारासाठी.

पहिले आठ-दहा दिवस

पळणं निम्म्यावर आणा, घाट आणि स्पीडवर्क (वेगात पळण्याचा सराव) पूर्ण बंद. दुखणं 10 पैकी 3 च्या आत राहत असेल आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसेल तर सपाट रस्त्यावर हळू पळायला हरकत नाही, त्याच्या वर गेलं तर सायकल किंवा पोहणं. पेनकिलर घेऊन पळू नका, कळच लागली नाही तर थांबायचं कधी ते कसं कळणार? पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, पातळ कापडात गुंडाळून दहा मिनिटं तळपायाखाली फिरवा, छान वाटतं, पण त्याने फक्त ठणका कमी होतो एवढं लक्षात असू द्या.

सकाळी अंथरुणातच, पाय जमिनीला टेकायच्या आधी, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि हाताने पाचही बोटं नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताने कमानीतला पट्टा ताणलाय का ते चाचपा. 10 सेकंद, 10 वेळा.

घरात अनवाणी फिरणं काही दिवस थांबवा. आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत हे मान्य, पण थंड कडक लादीवर ओट्याशी तासभर उभं राहिलं की पाय परत ठणकतो, म्हणून एक मऊ, कमानीला आधार असलेली धुतलेली जोडी फक्त घरातच वापरायची.

खरं काम टाच उचलण्याचं

बोटं वर वळली की हा पट्टा रहाटावर दोर गुंडाळावा तसा बोटांच्या सांध्यांभोवती ताणला जातो आणि कमान वर उचलते. घाट चढताना घोटा जास्त वाकतो, पोटरी टाचेला जोरात ओढते आणि सगळा भार याच दोरावर येतो. म्हणून पोटरी आणि पट्टा दोघांना एकत्र ताकद द्यायची.

जिन्याच्या पायरीवर टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा, तिच्यावर बोटं वर वळतील अशी टेकवा, टाच पायरीबाहेर, कठड्याला हात. 3 सेकंदात वर, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदात खाली. 12 वेळा, असे 3 सेट, एक दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर सुरुवात दोन्ही पायांवर करा, आणि 12 सोपे वाटले की पाठीवर पुस्तकांची सॅक घ्या आणि आकडा 10 वर, मग 8 वर आणा. थोडं दुखेल, ते चालतं. पण याला दहा-बारा आठवडे लागतात, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात, ते बघून फार वाईट वाटतं.

जोडीला खुर्चीत बसून बोटं न मुडपता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढा म्हणजे कमान उचलते, 5 सेकंद धरा, 10-15 वेळा. ऑफिसात टेबलाखालीही होतं.

बुटांचं

ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून सपाट पाय आहे म्हणून घाबरू नका, न दुखणाऱ्या सपाट पायाला उपचार लागत नाहीत. बूट 500 ते 800 किलोमीटर झाला असेल तर बदला, आणि दुखत असताना झिरो ड्रॉपचे, म्हणजे टाच आणि पुढचा भाग एकाच उंचीवर असलेल्या बुटांचे, प्रयोग नकोत. इनसोल (बुटात घालायचा आतला तळ) घ्यायचाच तर आधी साधा रेडीमेड घ्या, महागडा मापाचा लगेच नको.

परत पळताना

सलग अर्धा तास न दुखता चालता आलं की 1 मिनिट पळा, 1 मिनिट चाला, असं 10 वेळा, दिवसाआड. आधी मिनिटं वाढवा, मग वेग, आणि घाट सगळ्यात शेवटी. मी परत यवतेश्वरला गेलो तो चौथ्या महिन्यात, पहिल्या दिवशी फक्त 2 किलोमीटर चढलो आणि चालत खाली आलो, दुसऱ्या सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरावी लागली नाही तेव्हाच पुढच्या आठवड्यात 3 केले.