पहिली पंगत की दुसरी? क्रूझवर रोजचं रात्रीचं जेवण ठरवताना

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीचं एक गणित असतं. पहिल्या पंगतीला बट्टी गरम मिळते, पण वाढपी अजून रुळलेले नसतात. शेवटच्या पंगतीला वांग्याची भाजी पातळ झालेली असते, पण घरची माणसं शेजारी येऊन बसतात आणि उठायची घाई नसते. भुसावळात इतकी वर्षं लग्नं जेवले, तेव्हा पंगत निवडण्यात आपल्याला कोणी शिकवायला नको, असं मला वाटायचं. मग मुलाने सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर नेलं, आणि पहिल्याच संध्याकाळी आम्ही सहा माणसं लिफ्टसमोर उभं राहून कुठे जेवायचं यावरून भांडलो.

आधी माणसं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अवलंबून आहे. आमचे हे रेल्वेत गार्ड होते. गाडी लेट झाली असेल, यांचं जेवण कधी झालं नाही. शिवाय साखर आहे, जेवणाआधीची गोळी आहे. नणंदबाई धुळ्याच्या, कांदा-लसूण पूर्ण वर्ज्य. मुलगा बाहेर गेला की मासे खातो, सुनेला सुशी हा जपानी पदार्थ चाखून बघायचा होता. नातू सहा वर्षांचा, त्याला पास्ता सोडून जगात काही नाही. आणि मी. जहाजावर जायच्या आधी तुमच्याकडची अशी यादी मनात करून ठेवा. ज्याचं जेवण सगळ्यात अडचणीचं, त्याच्यापासून सुरुवात करायची. सुशी काय, कुठल्याही रात्री खाता येते.

जहाजावर रात्री जेवायला साधारण तीन प्रकारच्या जागा असतात. एक मोठं डायनिंग रूम, पांढऱ्या चादरीची टेबलं, वेटर ऑर्डर घेतो, मेनू रोज बदलतो. दुसरा बुफे, बहुतेक वरच्या डेकवर. या दोन्हींचे पैसे तिकिटातच आलेले असतात. तिसरी म्हणजे वेगळे पैसे घेणारी छोटी रेस्टॉरंट्स: जपानी, इटालियन, स्टेकवाली. याशिवाय पिझ्झा, सँडविच, कॅफे असं किरकोळ असतंच, आणि त्याला हसू नका, पहिल्या रात्री त्यानेच आम्हाला वाचवलं.

डायनिंग रूममध्ये पूर्वी बहुतेक जहाजांवर दोनच पंगती असायच्या, एक साडेपाच-सहाच्या सुमारास आणि एक आठ-साडेआठला. टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल’ म्हणून ही वेळ मोकळी केली, आणि आता बऱ्याच कंपन्या बुकिंग करतानाच विचारतात: ठरलेली वेळ हवी की हवं तेव्हा येणार? डिझ्नीच्या जहाजांवर तिसरंच. तिथे रोज रात्री रेस्टॉरंट बदलतं आणि तुमचा वेटर तुमच्याबरोबर नव्या ठिकाणी येतो.

हवं तेव्हा जेवण ऐकायला छान वाटतं. तरुण जोडप्याने तेच घ्यावं. पण घरात पथ्याचं माणूस असेल तर माझं मत ठरलेल्या टेबलाला. रोज नवा वेटर म्हणजे रोज नव्याने कांदा-लसूण समजावणं. एकच वेटर असला की दुसऱ्या रात्री त्याला तोंडपाठ होतं. आमचा वेटर गोव्याचा निघाला. जहाजांवर गोव्याची नि मुंबईची मुलं पुष्कळ असतात, तेव्हा हिंदीत तोंड उघडायला लाजू नका.

वेळ मात्र आम्ही चुकलो. मुलाने विचार केला, आई-बाबा लवकर जेवतात, पहिली पंगत घेऊ. साडेपाच. कागदावर बरोबर. पण सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आदल्या रात्रीच्या विमानाने आलेल्या पोटाला सिंगापूरचे साडेपाच म्हणजे भुसावळचे तीन! त्यात एक वाजता जहाजावर चढलो तेव्हा बुफे उघडाच होता, तिथे सगळ्यांनी आडवा हात मारलेला. मध्ये सुरक्षेची कवायत झाली, ती सगळ्यांना सक्तीची असते, आणि तिथून थेट डायनिंग रूम. यांनी सवयीने बसल्याबसल्या गोळी घेतली. आणि मग कळलं की इथे ताट येत नाही, एकेक पदार्थ येतो. आधी पाव, मग सूप, मग थांबा. मुख्य पदार्थ आला तेव्हा एक तास उलटून गेला होता. मी पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून यांच्या हातात दिली. आणि ज्यांना गोळी नव्हती त्यांना भूक नव्हती. नणंदबाई ताटलीकडे बघून म्हणाल्या, “माले भूक नही शे.” रात्री साडेदहाला यांना कडकडून भूक लागली. भुसावळात तेव्हा आठ वाजले होते, म्हणजे यांची रोजची वेळ. बुफे बंद. पिझ्झाच्या खिडकीवर जाऊन यांनी उभ्याने दोन तुकडे खाल्ले, आणि चवीबद्दल जे बोलले ते लिहीत नाही.

तर पंगत निवडताना बोटावर मोजून बघा, आपल्या घरी तेव्हा किती वाजलेले असतील. सिंगापूरच्या बाजूला जाताय तर दुसरी पंगत घ्या. आठ म्हणजे आपले साडेपाच, तेवढं चालतं. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजावर हा प्रश्नच नाही, घड्याळ आपलंच असतं. गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा निघायच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि डायनिंग रूममध्ये दीड ते दोन तास जातात हे धरून चाला. जेवण लवकर हवं असेल तर बसतानाच सांगायचं, सगळं एकदम आणा. आणतात. कोणी वाईट मानत नाही.

बुकिंगची वेळ चुकली तरी बदलता येते, फक्त जहाजावर चढल्यावर होईल तितक्या लवकर सांगावं लागतं. आम्ही पहिल्या रात्री जेवून उठतानाच हेड वेटरला गाठलं. त्याने वही बघितली, दुसऱ्या पंगतीत सहाचं टेबल होतं, दिलं. गोव्याचा मुलगा दोन्ही पंगतींना असायचाच, तो तसाच राहिला.

आता पथ्याचं, आणि इथे जरा थांबते. जैन किंवा बिनकांद्या-लसणाचं जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच लिहून द्यायचं. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया जहाजावर जैन जेवण नेहमीचंच, पण परदेशी जहाजावर आधी कळवलेलं नसेल तर पहिले एक-दोन दिवस उकडलेल्या भाज्यांवर निघतात. त्यावर एक उपाय आम्हाला सापडला. हेड वेटर उद्याचा मेनू आज रात्रीच दाखवू शकतो. जेवून उठताना तो मागायचा, बोट ठेवून सांगायचं, उद्या हे करा आणि त्यात हे घालू नका. नणंदबाईंसाठी दुसऱ्या रात्रीपासून वेगळी डाळ आणि जिरा राइस यायला लागला. घट्ट, पिवळी, तुपाची डाळ. आमच्या फौजदारी डाळीच्या पासंगालाही पुरणार नाही, पण गरम होती.

मेनूवर पानाचं हिरवं चिन्ह असेल तरी एकदा विचाराच. फ्रेंच कांद्याचं सूप दिसायला निव्वळ कांदा आणि चीज, पण मूळ कृतीत ते गोमांसाच्या रश्शात करतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाची बारीक मासळी असते. थाई करीत फिश सॉस, चायनीज भाज्यांवर ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस, सांबाल नावाच्या मलेशियन चटणीत कोळंबीची पेस्ट, आणि थरथरणाऱ्या गोड पदार्थांत बहुधा जिलेटिन, तेही जनावरांच्या हाडा-कातड्याचं. नणंदबाईंचा प्रश्न मात्र या सगळ्याला पुरून उरला. प्रत्येक बशीवर बोट ठेवून, धुळ्यात विचारावं तसं: “यामा काय टाकेल शे?” त्या मुलाला अहिराणीचा गंध नव्हता. तरी तो दर वेळी आत जाऊन विचारून यायचा.

दुसऱ्या दिवशी पेनांग. तिथे जहाज जॉर्ज टाउन शहरालाच लागतं, पायी बाहेर पडता येतं. बंदराच्या दिवशी रात्रीचं जेवण ठरवायची रीत वेगळी: आधी बघा जहाज कधी सुटणार, आणि त्याआधी कितीला परत चढायचं. मग दुपारी बाहेर काय खाणार ते ठरवा, रात्रीचं आपोआप ठरतं. आम्ही तिथल्या लिटिल इंडियात चार वाजता डोसे खाल्ले आणि आठच्या पंगतीला बरोबर भूक घेऊन बसलो. बंदराच्या रात्री डायनिंग रूमही जरा रिकामं असतं, वेटरला बोलायला वेळ असतो. एक सांगते, जहाजावरची फळं पिशवीत घालून उतरू नका, बहुतेक बंदरांवर बंदी असते. बुफेतली दोन केळी यांच्या खिशात होती. रावेर-यावलच्या केळीवर वाढलेला माणूस परदेशी केळं का खिशात घालतो, हे मला अजून कळलेलं नाही. काठावरच्या कचरापेटीजवळ उभं राहून दोन्ही खाल्ली, आणि म्हणाले, “आपल्यासारखी गोडी नाही.”

फुकेतला मोठ्या जहाजातून लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात, येताना पुन्हा रांग. थायलंडचं घड्याळ सिंगापूरपेक्षा तासाने मागे, त्यामुळे उतरण्याआधी खात्री करा, परतीची वेळ लिहिली आहे ती जहाजाच्या घड्याळाची की किनाऱ्याच्या. पायाला वाळू, अंगाला मीठ, आणि त्या रात्री नेमकी फॉर्मल नाइट. फॉर्मल नाइटला डायनिंग रूममध्ये लोक सूट घालून येतात. आपल्या बायकांचं बरं असतं, काठपदराची साडी नेसली की झालं. पुरुषांना निदान फुल पॅन्ट आणि बूट हवेतच. पण नटायचा कंटाळा आला तर ती रात्र बुफेची, तिथे कोणी काही विचारत नाही. मुलगा-सून त्या रात्री जपानी रेस्टॉरंटला गेली, नातू आमच्याकडे.

बुफेत एक नियम: ताट उचलायच्या आधी हात धुऊन एक पूर्ण चक्कर मारायची. मी मारली, आणि अरबी पदार्थांच्या टेबलावर थबकले. भाजलेल्या वांग्याचं, वर तेल सोडलेलं, धुरकट वास. बाबा गनूश म्हणतात त्याला. चमचाभर तोंडात घातलं. वांगं बरोबर भाजलं होतं, पण पुढे त्यांनी तिळाची पेस्ट आणि लिंबू घातलं होतं. आपण पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजतो, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचतो, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. तरी मी तीनदा घेतलं. कळण्याची भाकरी नव्हती, पिटा ब्रेडबरोबर खाल्लं. बुफेचा फायदा हाच, आवडलं नाही तर चमचाभरच वाया जातं. तोटा म्हणजे नऊ-साडेनऊला आवरायला लागतात आणि कुठल्या डावाने कशात काय ढवळलं याची शाश्वती नाही. नणंदबाईंनी त्या रात्री दहीभात, फळं आणि घरून आणलेले बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, खाल्ले. घरी शिजवलेलं अन्न जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत, पाकीटबंद कोरडं चालतं.

पैसे मोजायच्या रेस्टॉरंटबद्दल थोडक्यात. माणशी साधारण ३० ते ७० डॉलर, वर १८-२० टक्के सर्व्हिस चार्ज. पहिल्या रात्री बऱ्याचदा सवलत असते, कारण लोक तेव्हा गोंधळलेले असतात. जायचं ठरवलं तर आधी बुक करा आणि रद्द करायची मुदत वाचा, ऐनवेळी न गेल्यास पैसे कापतात. शाकाहारी घराला माझ्या मते एकदा पुरे, तेही ज्यांना हौस आहे त्यांनीच जावं. सून सुशी खाऊन आली आणि पिझ्झाच्या खिडकीवर गेली. मी काही बोलले नाही.

समुद्र खवळला असेल तर वरचा बुफे सोडून खाली, जहाजाच्या मधोमध जी जागा असेल तिथे बसा, डोलणं तिथे सगळ्यात कमी. पोट ढवळत असेल तर हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं मागा, त्यांच्याकडे असतात. आणि रात्रीचा शो बघायचा असेल तर जेवणाची वेळ त्याच्याशी जुळवा. पहिली पंगत घेणाऱ्यांनी उशिराचा शो बघायचा, दुसरी घेणाऱ्यांनी आधीचा. वेळापत्रक आदल्या संध्याकाळी खोलीत येतं किंवा ॲपवर दिसतं. आम्ही दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या चहाला तो कागद मध्ये ठेवून ठरवायचो. आठ वाजता भुकेल्या पोटी ठरवलं की लिफ्टसमोर भांडण ठरलेलं.

शेवटच्या रात्रीचं वेगळं सांगते. त्या रात्री मोठ्या बॅगा पट्टी लावून खोलीबाहेर ठेवायच्या असतात, त्या रातोरात उचलून नेतात. तेव्हा जेवायचे आणि सकाळचे कपडे आधी बाजूला काढा. यांनी गार्डाच्या शिस्तीने सात वाजताच बॅगा भरून, कुलूप लावून बाहेर ठेवल्या, आणि पावणेआठला लक्षात आलं की सगळ्या फुल पॅन्टी आत गेल्या. अंगावर हाफ पॅन्ट. डायनिंग रूमला चालणार नाही. गोव्याच्या मुलाने नणंदबाईंसाठी त्या रात्री मुद्दाम बिनकांद्याची मटकीची उसळ सांगून ठेवली होती, म्हणून आम्ही बाकीचे गेलो, आणि हे नातवाला घेऊन बुफेत पास्ता खात बसले. दहाला खोलीवर परतलो तेव्हा हे जागेच होते.

“उसळीला मोड होते का?” एवढंच विचारलं.