‘पीजे’च्या आठवणी जपायच्या तर: जुनं स्टेशन, जुनं तिकीट आणि जुनी माणसं

पाचोरा–जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज गाडी. खानदेशात तिला सगळे ‘पीजे’च म्हणतात. ७६२ मिलिमीटर अंतराने टाकलेल्या रुळांवर झेडडीएम जातीचं डिझेल इंजिन तिला ओढायचं. झेड म्हणजे रुळांमधलं हे अंतर, डी म्हणजे डिझेल, आणि एम म्हणजे प्रवासी-माल दोन्ही ओढणारं. २०२०च्या टाळेबंदीत गाडी थांबली. ब्रॉडगेजचं काम आलं की फलक, खांब, तिकीटखिडकी आधी जातात, म्हणून नोंदीची सुरुवात स्टेशनापासून करा.

फलकाचा फोटो समोरून, अक्षरांच्या उंचीवरून घ्या. खाली लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची स्पष्ट यायला हवी. दुसरा फोटो सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, बाजूने घ्या. तिरप्या उन्हात रंगाखालची जुनी अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी ती सहसा दिसत नाहीत.

कुंपणाचे आणि छपराचे खांब नीट बघा. बऱ्याच ठिकाणी ते जुन्या रुळांचेच असतात, आणि रुळाच्या उभ्या बाजूवर कारखान्याचं नाव व वर्ष उठावदार अक्षरांत असतं. गंज नायलॉनच्या कोरड्या ब्रशने झाडा. तारेचा ब्रश अक्षरंच खातो. मग पातळ कागद घट्ट धरून मेणखडू आडवा फिरवा, म्हणजे ठसा उमटेल. मात्र ते वर्ष मार्गाचं समजू नका, कारण रूळ दुसरीकडून काढून आणलेला असू शकतो. या सगळ्यासाठी रुळांवर उतरायची गरज नाही. विनापरवाना उतरणं १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.

खरा ठेवा माणसांकडे असतो: रूळ सांभाळणारे गँगमन, सांधे बदलणारे पॉइंट्समन, रोज शाळेला जाणारी मुलं, बाजाराला टोपल्या नेणाऱ्या बाया. ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं की सगळे तेच चार शब्द सांगतात. त्यापेक्षा हाताशी येणारं विचारा. वाटेतल्या शेंदुर्णी स्टेशनला उतरल्यावर टोपली कोण उतरवून घ्यायचं? डब्यात कुठल्या बाजूला बसायचात, आणि का? पावसाळ्यात गाडी कुठे अडायची? इंजिनाचा आवाज घरात कुठपर्यंत यायचा? साल आठवत नसेल तर बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, लग्नाआधी की नंतर, असं विचारा. दोघांना एकत्र बसवू नका, एकाची आठवण दुसऱ्याची होऊन बसते. जुनं वेळापत्रक मिळालं तरी ते शेवटी दाखवा, आधी दाखवलं तर माणूस तेच वाचून सांगतो.

ध्वनिमुद्रण करताना फोन विमान मोडवर, तोंडापासून साधारण ३० सेंटिमीटरवर आणि कापडाच्या घडीवर ठेवा. पंखा बंद करा, नाहीतर त्याची घरघर पूर्ण मुद्रणभर राहते. सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख आणि मुद्रणाला असलेली संमती त्यांच्याच आवाजात घ्या.

आता तिकिटं. जुनं पुठ्ठ्याचं तिकीट साधारण ५७ × ३० मिलिमीटरचं. त्याला लॅमिनेशन कधीच करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक नंतर सुखरूप निघत नाही. सेलोटेपचा डिंक पिवळा पडून आत मुरतो. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा. टोकावरची तारीख दाबून उमटवलेली असते आणि शाई बहुधा उडालेली असते, त्यामुळे स्कॅनमध्ये ती सपाट होते. अंधाऱ्या खोलीत बाजूने विजेरी धरून तिचा वेगळा फोटो काढा.

साठवणीला आम्लमुक्त कागदाची पाकिटं वापरा, पीव्हीसी प्लॅस्टिकची नकोत. सिलिका जेलच्या पुड्या घालून डबा बंद ठेवा आणि पावसाळ्यात दर महिन्याला उघडून बघा. कसर आधी कडेला लागते. कडा कुरतडलेली दिसली तर ते पाकीट लगेच वेगळं काढा आणि डबा पुसून, सुकवूनच बाकीची तिकिटं परत ठेवा.