बीमला फायबर काँक्रीटचं जॅकेट: आधी टेकू, मग टाचे

जुन्या, कमजोर बीमभोवती स्टीलच्या बारीक तारा (फायबर) मिसळलेल्या काँक्रीटचा नवा थर चढवायचा, त्याला जॅकेट म्हणतात. आधी हातोडीनं बीम ठोकून बघा. 'टण्ण' वाजला तर भरीव, 'भद' वाजला तर कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, सळईपासून सुटलंय. अशा जागांना मी खडूनं गोल करतो आणि फोटो काढून ठेवतो. स्टील किती गेलं, थर किती जाड, हे स्ट्रक्चरल इंजिनियरनं ठरवायचं. मी सांगतोय ते साइटवरचं.

पहिलं काम टेकू. नवा थर फक्त नंतर येणारा भार उचलतो, आधीचा जुन्या बीमच्याच अंगावर राहतो. म्हणून जॅक लावून ओझं हलकं करून घ्या. टेकू खालच्या स्लॅबवर उभे असतील तर त्या स्लॅबखालीही टेकू, असं थेट जमिनीपर्यंत.

मग टाचे, म्हणजे छिन्नी-हातोडीनं पृष्ठभाग टोचून खडबडीत करणं. प्लास्टर काढून खडी दिसली पाहिजे, पृष्ठभाग निदान 3 ते 6 मिमी खडबडीत. गंजलेली सळई मागूनही मोकळी करा, बोट फिरलं पाहिजे. रिंगासुद्धा (मुख्य सळयांभोवतीचे आडवे वेढे) तारेच्या ब्रशनं चकाकेपर्यंत घासा. डॉवेल, म्हणजे जुना-नवा थर बांधणारे सळईचे तुकडे, ड्रॉइंगप्रमाणे एपॉक्सीत बसवा.

आता धूळ. एकदा मी घाईत नुसतं पाणी मारून ओतकाम उरकलं. टाच्यांची भुकटी चिखल होऊन मधेच बसली. महिन्यानं ठोकलं तर सगळा बीम भद! स्वखर्चानं तोडून पुन्हा केला. तेव्हापासून आधी ब्लोअर, मग पाणी. रात्रभर भिजवायचं, सकाळी पुसायचं. अंग ओलं हवं, पाण्याची चमक नको.

230 × 450 मिमीचा बीम, त्यात स्लॅब 120 मिमी, तीन बाजूंनी 40 मिमी थर: मीटरला जवळपास 97 किलो वजन वाढतं. ते हिशेबात धरलंय ना, इंजिनियरला विचारा. 4 मीटर बीमला माल साधारण 0.155 घनमीटर, फायबर घनफळाच्या 1 टक्का धरलं तर 12 किलो. एवढ्या पातळ थरात 35 मिमीचे आकडेवाले फायबर अडकतात, 13 मिमीचे बारीक घ्या. मिक्सर फिरता ठेवून सगळ्यात शेवटी भुरभुरत टाका. पुडा उपडा केलात तर चिमणीच्या घरट्यासारखे गोळे होतात, ते सुटत नाहीत. माल घट्ट वाटला की मिस्त्री पाण्याच्या बादलीकडे बघतो. बादली लांब ठेवा, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) जवळ.

स्लॅबला वरून बीमच्या दोन्ही अंगांना भोकं पाडून एकाच बाजूनं ओता, म्हणजे माल खालून वळून दुसऱ्या बाजूला चढतो आणि हवा तिकडून निघते. माल दाबून बसवणारी व्हायब्रेटरची नीडल आत जात नाही, शटरिंगला रबरी हातोडा पुरतो.

गोणपाट बांधून 10 दिवस पाणी. 6 मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 14 दिवस, त्याहून मोठ्याला 21. काढण्याआधी फोटो उघडून त्याच जागा पुन्हा ठोका.

पावसाळ्यात सोसायटीचा फोन येतो, 'बीमवर गंजाचे ठिपके आलेत.' ते वर आलेले फायबर असतात. घासून रंग लावा. हात मात्र फिरवू नका, काटे रुततात.