घरच्या पत्त्यांच्या खेळाचं टेम्प्लेट: दोन्ही बाजू जुळवायच्या कशा

खेळ सुचलाय, नियम वहीत उतरलेत आणि चिटोऱ्यांवर एकदा खेळून बघितलंय असं धरून चालतेय. नसेल तर टेम्प्लेटच्या नादी लागू नका, आधी खेळा.

उदाहरणाला राजगडाची मोहीम घेऊ. जागेच्या कार्डावर पुढे नाव आणि चित्र, तिथे पोचलात की कार्ड उलटायचं आणि मागे काय घडतं ते वाचायचं. चोर दरवाजाच्या मागे दमवणारी चढण आणि वर पद्मावती माची, पाली दरवाजाच्या मागे रुंद पायऱ्या पण पहारा कडक. म्हणजे इथे प्रत्येक कार्डाची मागची बाजू वेगळी, आणि सगळं घोडं अडतं ते इथेच.

जिथे विचाराल तिथे सांगतात की ए-फोरवर 63 × 88 मिमीची नऊ कार्डं बसवा आणि दोन्ही बाजूंनी प्रिंट मारा. बसतात, खोटं नाही. पण कागद उलटला की डावा कॉलम उजवीकडे जातो, त्यामुळे मागच्या पानावर 3-2-1, 6-5-4, 9-8-7 असा क्रम लावावा लागतो, नाहीतर चोर दरवाजा उलटल्यावर पाली दरवाजाच्या पायऱ्या निघतात. बरं, क्रम लावला, प्रिंटरला लाँग एजवर फ्लिपही (लांब कडेवर कागद उलटणं) निवडलं, तरी घरचा प्रिंटर दुसऱ्या बाजूला कागद थोडा सरकवतोच, आणि एक-दोन मिमी सरकलं तरी मागची चौकट कडेला कापली जाते. मी यात भरपूर शाई घालवलीये. मार्जिन कमीजास्त करून हे कायमचं सुटत नाही, कारण दर कागदाला सरकणं वेगळं. सगळ्या कार्डांची पाठ एकच नक्षी असेल तर चालून जातं, नक्षी कडेच्या बाहेर 3 मिमी वाढवली की झालं. आपल्याला ते चालत नाही.

म्हणून सरळ घडी घाला. ए-फोर आडवा, एकाच बाजूला प्रिंट, डाव्या अर्ध्यात पुढच्या बाजू, उजव्या अर्ध्यात मागच्या. वर्डमध्ये टेबल दोन ओळी, सहा कॉलम: 63, 63, 11, 11, 63, 63 मिमी. ओळीची उंची 88, आणि ती एक्झॅक्ट ठेवा, ऑटोफिट बंद करा, नाहीतर एखादं मोठं चित्र आलं की अख्खं टेबल फुगतं. डावं-उजवं मार्जिन 11.5, वरचं 17, खालचं 10. खालचं मुद्दाम कमी, कारण टेबलानंतर एक रिकामी ओळ राहतेच आणि तिला जागा नसली की कोरं दुसरं पान निघतं.

मधल्या दोन 11 मिमीच्या कॉलमच्यामध्ये बारीक रेघ ठेवा आणि घडी त्या छापलेल्या रेघेवरच घाला. कागदाची टोकं जुळवून घडी घालायचा मोह होतो, नका घालू, प्रिंट सरकलं असेल तर सगळं तिथेच बिघडतं. रेघेवर पट्टी धरून संपलेलं बॉलपेन दाबून फिरवलं की घडी सरळ येते.

आता मजकूर. कार्डं हाताने भरू नका, एक्सेल शीट करून मेल मर्ज (शीटमधला मजकूर आपोआप टेबलात भरणारी वर्डची सोय) लावा. शीटच्या एका ओळीत दोन कार्डं घ्या: पुढे1, पुढे2, मागे2, मागे1. टेबलात हाच क्रम डावीकडून उजवीकडे. मग नेक्स्ट रेकॉर्ड (शीटची पुढची ओळ घ्यायची खूण) फक्त दुसऱ्या ओळीच्या पहिल्या खणात, सगळ्यात आधी टाका. प्रत्येक खणात टाकलंत तर बरीच कार्डं गायब होतील आणि उरलेल्यांच्या पुढच्या-मागच्या बाजू जुळणार नाहीत.

फाँट मुक्ता किंवा बालू. लाइन स्पेसिंगला मात्र एक्झॅक्ट लावू नका, वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात.

प्रिंट करताना स्केल 100 टक्के, फिट टू पेज नाही. दुकानातून काढणार असाल तर पीडीएफ द्या, एकच पान काढायला सांगा आणि तिथेच पट्टी लावून 63 मिमी येतंय का बघा, मगच बाकीची.

कागद 130 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडीचं माप, एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) घ्या, डबल झाला की पुरेसा ताठ होतो. छापलेली बाजू बाहेर ठेवून घडी, आत ग्लू स्टिक (पातळ गमाने सुरकुत्या पडतात), वर जाड पुस्तक ठेवून पूर्ण वाळू द्या आणि मगच कटरने कापा. स्लीव्ह (कार्डाची पारदर्शक पिशवी) घालणार असाल तर 66 × 91 मिमीचे मागा.