एआय चित्रं शिकायला बसताय? आधी वही घ्या

गेल्या पाडव्याला स्वागतयात्रेसाठी आमच्या ठाण्यातल्या सोसायटीचा बॅनर मी एआयवर केला. नऊवारी, फेटा, बुलेट, मागे तलावपाळी. सगळे खूश. आदल्या रात्री समितीतल्या काकू म्हणाल्या, "छान झालंय रे, फक्त साडी जांभळी कर." आणि तेच चित्र मला परत काढता येईना. प्रॉम्प्ट, म्हणजे चित्रासाठी लिहिलेलं वर्णन, अर्धवट आठवत होता, मॉडेल (चित्र काढणारं एआय) कुठलं ते नाही, आणि सीड नावाचं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. रात्री दोनपर्यंत चाळीसेक बायका काढल्या, त्यातली एकही 'ती' नव्हती. आता पहिल्यापासून शिकतोय, त्याची ही तयारी.

लॅपटॉप, इंटरनेट, वेळ: असेलच. घरच्या मशीनवर चालवायचं तर ग्राफिक्स कार्डाची मेमरी बघा. स्टेबल डिफ्युजन १.५ हे मॉडेल चार जीबीवर रडतखडत चालतं, त्याच्या मोठ्या भावाला, एसडीएक्सएलला, आठ तरी हवी. नसेल तर ब्राउझरमधलं साधन घ्या. शिकण्यासाठी कार्ड विकत घेऊ नका. साधन एकच, महिनाभर तेच. रोज नवा व्हिडिओ बघून साधन बदलणारे काहीही शिकत नाहीत, मी तोच होतो.

आता वही. खरी वही किंवा एक्सेलची शीट, काहीही चालेल. प्रत्येक ठेवणीतल्या चित्रापुढे प्रॉम्प्ट, मॉडेल, सीड, सॅम्पलर (चित्र साफ करत नेण्याची पद्धत), स्टेप्स (ते किती टप्प्यांत), सीएफजी (प्रॉम्प्ट किती काटेकोर पाळायचा) आणि आकार. सीड म्हणजे ज्या आकड्यावरून सुरुवातीचा गोंगाट तयार होतो आणि ज्यातून पुढे चित्र उमलतं, तो आकडा. नुसता सीड लिहून भागत नाही. आकार बदलला, मॉडेल बदललं की त्याच सीडवर वेगळीच बाई येते. ऑटोमॅटिक११११ मध्ये (घरच्या मशीनवर स्टेबल डिफ्युजन चालवायचं एक साधन) सीडच्या रकान्यात -१ दिसलं तर दर वेळी नवा आकडा पडणार, हे ध्यानात ठेवा. चित्र आवडलं की लगेच आकडा उतरवा. चहा नंतर.

आळस असेल तर निदान मूळ पीएनजी फाइल जपा. ऑटोमॅटिक११११ आणि तसंच दुसरं साधन कॉम्फीयूआय, दोन्ही ही सगळी माहिती त्या फाइलमध्येच लिहितात. कॉम्फीच्या खिडकीत पीएनजी ओढून टाकली की चित्र ज्या टप्प्यांनी बनलं त्यांची अख्खी जोडणी परत उभी राहते. पण व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत यातलं काही उरत नाही. मी ग्रुपवर टाकून, जागा खाते म्हणून मूळ फाइल उडवली होती. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ ठेवा. ठेवाच.

पहिला आठवडा नुसते प्रॉम्प्ट. नऊवारीचा काष्टा मॉडेलला नीट जमत नाही, नथ गालावर चिकटते, गुढीचा तांब्या भलतीकडे जातो. हे दिसलं की प्रॉम्प्ट लांबवत बसू नका. देवनागरी अक्षरं चित्रात मागूच नका, ती कॅनव्हात किंवा इंकस्केपमध्ये वर बसवा. दुसऱ्या आठवड्यात सीड बांधून ठेवायचा आणि एकेक गोष्ट बदलायची: स्टेप्स २० च्या ३०, मग फक्त सीएफजी. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर कशाने काय झालं ते कळणार नाही. वहीत लिहिताय ना?

तिसरा आठवडा इनपेंटिंग. फक्त साडीवर मास्क लावून तेवढंच पुन्हा काढणं. हे त्या रात्री माहीत असतं तर काकूंचं काम दहा मिनिटांत झालं असतं, अर्थात मूळ फाइल असती तर.

चौथा: पोझ हवी तशी बांधायला कंट्रोलनेट, शैलीसाठी लोरा (मॉडेलला जोडायची छोटी पुरवणी फाइल). बॅनर छापायचा तर अपस्केल, म्हणजे चित्राचे पिक्सेल वाढवणं, १०२४ पिक्सेल फ्लेक्सवर फाटतं. लोराचं वजन, म्हणजे त्याचा जोर, किती ठेवलं, तेही वहीत.